पहिल्या रडण्यानंतरची वर्षं

धुळ्याच्या किंवा जळगावच्या बालरोगतज्ज्ञाकडे दीड वर्षाचं मूल ‘अजून बसत नाही’ म्हणून आणलं, की एक प्रश्न ठरलेला असतो: जन्मल्याबरोबर रडलं होतं का? टाके किती पडले, वजन किती भरलं, हे विसरलेल्या बाईलाही याचं उत्तर आठवावं लागत नाही. ‘पोऱ्या रडना नही,’ सोबत आलेली आजी अहिराणीत सांगून टाकते आणि पुढचंही सांगते. बाळाने पोटातच शी केली होती, घाण पाणी प्यायलं होतं, अंग निळं पडलं होतं, नर्सबाईंनी पाठ चोळली, पिशवी दाबून हवा दिली, तेव्हा कुठे बारीक आवाज आला. मग काही दिवस पेटीत. एवढं बोलून होईतो घरच्यांच्या मनात निकाल लागलेला असतो. जे बिघडलं ते त्या मिनिटात बिघडलं, आणि कोणाच्या तरी हातून बिघडलं. कधी तो हात दाईचा ठरतो, कधी नर्सचा, आणि पुष्कळदा ‘जोर लावला नाही’ म्हणून दोष त्या आईच्याच पदरात पडतो.

न रडलेल्या बाळाला रडवण्याचा इतिहास फार जुना आहे. त्या मिनिटाला दोष देण्याचा इतिहास दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे. पण रडल्यावर त्या बाळाचं पुढे काय झालं, ते बसलं कधी, बोललं कधी, शाळेत टिकलं का, हे चिकाटीने पाहणं अगदी अलीकडे सुरू झालं. खानदेशातल्या घरांना सर्वांत जास्त गरज आहे ती या तिसऱ्या गोष्टीची.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात नुकत्याच जन्मलेल्या बाळाला सावध करण्याचे उपाय दिले आहेत. कानाशी दगडावर दगड वाजवावा, तोंडावर गार किंवा ऊन पाणी शिंपडावं, तरीही हालचाल नसेल तर प्राण परत येईपर्यंत सुपाने वारा घालावा. शेकडो वर्षांनंतर गावच्या सुईणीजवळ जे उपाय होते, ते याच कुळातले होते: थाळी वाजवणं, पाण्याचा हबका मारणं, कांदा फोडून नाकाशी धरणं, पाय धरून उलटं करून चापट्या मारणं. त्यात आणखी एक उपाय देशाच्या अनेक भागांतून नोंदला गेला आहे, तो वार शेकण्याचा. नाळ कापायची नाही, वार गरम पाण्यात किंवा निखाऱ्यांजवळ ठेवायची. ऊब नाळेतून बाळापर्यंत जाईल आणि जीव परतेल, असा विश्वास. आज नाळ लगेच न कापण्याचा सल्ला डॉक्टरही देतात, कारण वारेतलं रक्त तेवढा वेळ बाळाला मिळत राहतं. तेव्हा नाळ राखण्यात काही शहाणपण होतं. शेकण्यात नव्हतं, आणि शेकण्यात जाणारी मिनिटंच सर्वांत मोलाची होती.

तरीही हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण ते बहुतेक वेळा ‘लागू’ पडत. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं. जन्मल्यावर ते मागे सारून तिथे हवा भरावी लागते. शंभरातली साधारण पंच्याऐंशी बाळं हे काम आपलं आपण करतात. आणखी दहाएक बाळांना पुसलं, चोळलं, डिवचलं की तीही श्वास घेतात. थाळी, पाणी, कांदा यांचं यश या दहांमधलं. उरलेल्या चार-पाचांना मात्र बाहेरून दाबाने हवा मिळाल्याशिवाय गत्यंतर नसतं. तिथे कितीही अनुभवी सुईण असली, तरी तिच्या हातात काही साधनच नव्हतं.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशचं ठाणं धुळ्याला आलं, पूर्व खानदेशचं जळगावला. दवाखाने वाढले ते या दोन शहरांत आणि भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव अशा रेल्वेच्या गावांत. सातपुड्याच्या पायथ्याचे शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुके आणि त्यांवरचे पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांचे पाडे यांची बाळंतपणं पुढेही कित्येक दशकं घरातच होत राहिली. बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ पर्यंत तो आकडा ९४.७ वर गेला. म्हणजे आज खानदेशात शाळेत जाणाऱ्या मुलांची पिढी, बहुतांशी, जन्मताना कोणीतरी प्रशिक्षित माणूस जवळ असलेली पहिली पिढी आहे.

न रडणं आणि पुढे अपंगत्व येणं यांचा संबंध वैद्यकात पक्का मांडला तो लंडनच्या विल्यम जॉन लिटल या अस्थिशल्यचिकित्सकाने. १८६१ साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत त्याने निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना गुदमरणं यांमुळे हातपाय ताठरतात, असं त्याचं म्हणणं होतं. या अपंगत्वाला आज सेरेब्रल पाल्सी म्हणतात, पण कितीतरी वर्षं त्याला ‘लिटलचा आजार’ म्हणत. लिटलच्या म्हणण्याला आक्षेप घेतला तो पुढे मनोविश्लेषणासाठी गाजलेल्या सिग्मंड फ्रॉइडने. फ्रॉइड मुळात मज्जातंतूंचा डॉक्टर. १८९७ च्या ग्रंथात त्याने शंका काढली: बाळाच्या मेंदूत आधीच, पोटात असतानाच, काही बिघडलेलं असेल आणि अवघड बाळंतपण हे त्याचंच एक लक्षण असेल तर? ही शंका जवळजवळ ऐंशी वर्षं बाजूला पडून राहिली.

दरम्यान १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांची गुणपद्धत प्रसिद्ध झाली. रंग, नाडी, डिवचल्यावरचा प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. प्रसूतिगृहातल्या माणसांनी बाळाकडे लगेच आणि नीट बघावं, एवढाच तिचा हेतू होता. पण दहापैकी गुण म्हटले की माणूस त्यात भविष्य वाचू लागतो. आजही डिस्चार्ज कार्डावर ‘अ‍ॅपगार ४’ लिहिलेलं दिसलं की शिकलेला बाप घाबरून जातो.

ही भीती आकड्यांनी तपासली ती अमेरिकेत. तिथे १९५९ ते १९६६ या काळात पन्नास हजारांच्या आसपास गरोदरपणांची नोंद करून मुलांना सातव्या वर्षापर्यंत पाहिलं गेलं. त्या नोंदींवरून करिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८१ मध्ये जे मांडलं, त्याने लिटलपासून चालत आलेली समजूत हलली. पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकी ७३ टक्के मुलांचे जन्मानंतर पाचव्या मिनिटाचे गुण सात ते दहा, म्हणजे चांगले होते. उलट दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ ज्यांचे गुण तीनच्या वर गेले नाहीत आणि तरीही जी जगली, अशा ९९ मुलांपैकी सेरेब्रल पाल्सी झाली ती १२ जणांना. फ्रॉइडच्या शंकेत तथ्य होतं. न रडणं हा धोका खरा, पण बहुतेक अपंगत्वाचं मूळ त्या मिनिटात नसतं आणि त्या मिनिटातून गेलेल्या बहुतेक मुलांना अपंगत्व येत नाही. धुळ्यातल्या त्या आजीला आणि त्या आईला हे कोणीतरी शांतपणे बसून सांगायला हवं.

मग धोका नेमका कोणाला? मेंदूला प्राणवायू कमी पडला की आधी पेशींची ऊर्जा संपते. श्वास सुरू झाला की ती काही तास सावरते, आणि सहा तासांनंतर पुन्हा, अधिक खोलवर ढासळू शकते. म्हणून त्या बाळाचे पहिले काही दिवस त्या पहिल्या मिनिटापेक्षा जास्त सांगतात. १९७६ मध्ये सार्नाट दांपत्याने २१ बाळांच्या निरीक्षणावरून तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर बाळ दचकतं, टक लावून बघतं. दुसरीवर ते सुस्त आणि सैल पडतं, झटके येतात. तिसरीवर निपचित पडतं. जी बाळं तिसऱ्या पायरीला गेली नाहीत आणि दुसरीवर पाच दिवसांपेक्षा कमी राहिली, ती पुढे नीट वाढताना दिसली. खानदेशात पाचव्या रात्री पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असा विश्वास आहे. गुदमरलेल्या बाळाच्या बाबतीत पाचव्या दिवसाकडे डॉक्टरही तितक्याच काळजीने बघतात. त्या दिवशी बाळ डोळे उघडून अंगावर पीत असेल, तर आशेला जागा असते.

बाळाला हवा देणारी ती ‘पिशवी’ जवळून पाहण्यासारखी आहे. हेनिंग रूबेन आणि होल्गर हेस यांनी डेन्मार्कमध्ये बनवलेली, आपोआप फुगणारी ही पिशवी १९५६ मध्ये बाजारात आली. पुढे ती सगळीकडे ‘अंबू बॅग’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. नवजात बाळासाठीची पिशवी पाव ते अर्धा लिटरची, एका मुठीत दाबता येईल अशी असते. पुढच्या मऊ मास्कने बाळाचं नाक, तोंड आणि हनुवटीचं टोक झाकलं पाहिजे, डोळ्यांवर तो येता कामा नये. मान किंचित मागे, मिनिटाला चाळीस ते साठ वेळा दाब. छाती हलकेच वर उचलली गेली तर हवा आत गेली. नाही उचलली, तर मास्क पुन्हा बसवायचा. इतकं साधं, पण सरावाशिवाय न जमणारं. दिल्लीच्या सिद्धार्थ रामजी यांच्यासह काही संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं की या कामाला सिलिंडरमधला ऑक्सिजन लागतोच असं नाही, खोलीतली साधी हवा पुरते. २०१० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी दिवस भरलेल्या बाळांसाठी ते मान्य केलं. पाड्याजवळच्या उपकेंद्रातल्या नर्ससाठी ही फार मोठी गोष्ट होती.

महाराष्ट्रात ही पिशवी झोपडीपर्यंत नेण्याचं काम झालं ते गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, घरी होणाऱ्या बाळंतपणांत, ते टप्प्याटप्प्याने केलं. १९९३ ते १९९५ या काळात दाया तोंडाने हवा देत. पुढचं एक वर्ष फक्त निरीक्षणाचं. १९९६ पासून गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या आरोग्यदूत बाया नळी आणि मास्कने फुंकर घालू लागल्या आणि १९९९ नंतर त्यांच्या हाती पिशवी आली. तीव्र गुदमरलेल्या बाळांमधले मृत्यू ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. जे काम फक्त डॉक्टरचं समजलं जात होतं, ते कुडाच्या घरात, कंदिलाच्या उजेडात, गावातल्या बाईने करून दाखवलं. पुढे देशभरच्या आशाताईंच्या नवजात बालकांसाठीच्या गृहभेटी याच कामातून उभ्या राहिल्या. पण हा अभ्यास जगण्या-मरण्याचा होता. जगलेलं मूल पुढे कसं वाढलं, हा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता.

तो प्रश्न थेट विचारला गेला मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत. केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, पाकिस्तान आणि झांबियातल्या संशोधकांबरोबर, जन्मताना पिशवीने हवा द्यावी लागलेल्या बाळांच्या मागे तीन वर्षं राहिले. तुलनेसाठी आपोआप रडलेली बाळंही घेतली. पहिला वाढदिवस आला तेव्हा बुद्धीच्या विकासाचे गुण ८५ च्या खाली असलेली मुलं हवा दिलेल्या गटात १८ टक्के होती, आपोआप रडलेल्या गटात १२ टक्के. फरक ठामपणे सांगावा इतका मोठा नव्हता. हवा दिलेली बहुसंख्य बाळं इतरांसारखीच होती. यात एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. दीड किलोपेक्षा कमी वजनाची आणि सातव्या दिवशीही मेंदूवर तीव्र परिणाम दिसणारी बाळं या अभ्यासात घेतलीच नव्हती.

बेळगावच्या कामाचा दुसरा भाग खानदेशासाठी जास्त मोलाचा आहे. निम्म्या घरांत दर पंधरा दिवसांनी एक प्रशिक्षित बाई जायची. बाळाच्या वयाला साजेसा एखादा खेळ आईला करून दाखवायची आणि आईने तो रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस खेळायचा. उरलेल्या घरांत भेटी तितक्याच, पण त्यांत बोलणं आरोग्याबद्दलचं. तीन वर्षांनी, हवा दिलेल्या मुलांमध्ये, खेळ शिकवलेल्या गटाचे सरासरी गुण १०२.६ होते आणि दुसऱ्या गटाचे ९८. कुठलंही औषध नाही, यंत्र नाही. भाकरी थापताना शेजारी ठेवलेल्या मुलाशी आई काय बोलते, त्याच्या हातात काय देते, यातून हा फरक पडला.

यंत्राचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. गुदमरलेल्या बाळाचं अंग तीन दिवस ३३-३४ अंशांवर थंड ठेवलं तर मेंदू वाचतो, हे २००५ पासूनच्या पाश्चात्त्य प्रयोगांत दिसलं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर तसाच प्रयोग झाला. मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय त्यात होतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. आपल्याकडच्या बाळांचा मेंदू दुखावण्याची वेळ आणि कारणं वेगळी असावीत, असा अंदाज त्यावरून निघाला. परदेशातून आणलेला उपाय इथल्या बाळांवर तपासल्याशिवाय घेऊ नये, हे त्यातून पुरेसं स्पष्ट झालं.

मुलांच्या मागे सर्वांत लांब चालत गेलं ते पुण्याचं केईएम रुग्णालय. डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ ऑक्टोबर १९८७ ते ३० एप्रिल १९८९ या काळात जन्मलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची, अतिदक्षता विभागातून घरी गेलेली बाळं अठराव्या वर्षापर्यंत पाहिली. ही सगळी गुदमरलेली नव्हती, पण धोक्यातून गेलेलं मूल पुढे कसं वाढतं याचं एवढं दीर्घ मराठी चित्र दुसरं नाही. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ होता, बरोबरीच्या मुलांचा ९७.२. म्हणजे चौकटीतलाच. पण वाचन, गणित, डोळ्यांनी पाहून हाताने उतरवणं, इथे ती अडत होती. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातही हेच दिसलं. जन्मताना मेंदूवर मध्यम परिणाम झालेली, पण अपंगत्व न आलेली मुलं आठव्या वर्षी वर्गात मागे पडत होती. चालणारं, बोलणारं, हसणारं मूल, त्याला वजाबाकी जमत नाही म्हणून जन्माच्या नोंदी शोधायला कोण जाणार?

मोजण्याची साधनंही काही परकी नाहीत. नंदुरबारच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासाची मोजपट्टी तयार केली. ६७ हालचालींच्या आणि १६३ बुद्धीच्या पायऱ्या, जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत. तिची सुधारित आवृत्ती पुण्याहून निघाली. ठोकळा पकडतं का, आवाजाकडे वळतं का, लपवलेली वस्तू शोधतं का, असं एकेक पाहत जायचं. साधी लक्षणं आशाताईलाही ओळखता येतात: तीन महिन्यांनंतरही मूठ मिटलेली आणि अंगठा आत, चार महिन्यांनंतरही मान लटपटती, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर.

सरकारी व्यवस्था कागदावर आहे. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, आणि पुढचे उपचार जिल्ह्याच्या केंद्रात होतात. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, धुळ्यात ते आधीपासून आहे. पण शिरपूर तालुक्यातल्या बोराडीच्या पलीकडच्या पाड्यावरून फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा धुळ्याला येणं म्हणजे आईची दोन दिवसांची मजुरी आणि वर गाडीभाडं. त्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या टोळ्या बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात. ऑगस्टमध्ये पेटीतून घरी आलेलं बाळ चौथ्या महिन्यात, मान सावरते की नाही हे पाहायच्या नेमक्या वेळी, फडाशेजारच्या कोपीत असतं. तिथल्या आशाताईला त्याचं नाव माहीत नसतं.

माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाची चित्रं छापलेली असतात, तीही तीन वर्षांपर्यंतची. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख येते, जात येते. जन्मताना हवा द्यावी लागली, झटके आले, दहा दिवस पेटीत होतं, यातलं काहीच येत नाही. ते असतं डिस्चार्ज कार्डावर, आणि ते कार्ड पहिल्या-दुसऱ्या ऊसतोडीच्या हंगामातच भिजतं नाहीतर हरवतं. त्यावरच्या चार ओळी आशाताईच्या नोंदवहीतून अंगणवाडीत आणि अंगणवाडीतून जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचवायला नवं यंत्र लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. त्या पोचल्या, तर चौथीतल्या पोराला ‘लक्ष नाही याचं’ म्हणून मागे बसवण्याआधी गुरुजींना त्याच्या हातात सिव्हिलसाठी चिठ्ठी देता येईल.